80 हर्ट्‌झची सोयरीक

दोन खानदानी स्पीकर आणि एक ढमढम्या सबवूफर यांची सोयरीक जुळवायला हल्ली डिजिटल क्रॉसओव्हर नावाचा मध्यस्थ मिळतो. 80 हर्ट्‌झच्या खालचं तुझं, वरचं त्यांचं, अशी वाटणी तो करून देतो. सीमेवर दोघांनी आवाज 6 डेसिबलने खाली घ्यायचा, म्हणजे बेरीज सपाट येते. ही युक्ती लिंकविट्झ आणि रायली या ह्युलेट-पॅकार्डमधल्या इंजिनिअरांची, 1976 सालची.

पण आपल्या हायफाय रसिकाला हा मध्यस्थ चालत नाही. सिग्नलचे आकडे झाले की संगीत विटाळतं म्हणे! (गाणं मात्र तो मोबाइलवरून स्ट्रीम करूनच ऐकतो.) सबवूफर बसतो सोफ्यामागच्या सांदीत, कारण प्लग तिथेच आहे. एक मीटर जास्त अंतर म्हणजे सुमारे 3 मिलिसेकंद उशीर. जो जवळ असेल त्याला तेवढं थांबवून ठेवणं क्रॉसओव्हरच्या हातचा मळ. महाराज त्याऐवजी महागडी केबल बदलतात आणि डग्गा ‘मोकळा झाला’ असं जाहीर करतात.

दुसरी जमात यंत्र घेणाऱ्यांची. मायक्रोफोन लावून आलेख सपाट होईतो ही मंडळी गाणं लावतच नाहीत. 12 फूट लांबीची खोली साधारण 47 हर्ट्‌झला घुमते, ते शिखर कापता येतं. पण जिथे लहरी एकमेकींना मारतात, त्या खड्ड्यात कितीही डेसिबल ओता, तो भरत नाही. तेव्हा मंडळी, आधी एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणा आणि सबवूफर हातभर सरकवून बघा.