आधार मोजणारे सर

स्टाफरूमचं दार पायाने ढकललं गेलं की आमचे मानसशास्त्राचे सर आले, हे मान वर न करता ओळखावं. हात मोकळे कुठे असतात? दोन्ही हातांवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा. प्राध्यापकांना सामाजिक आधार किती लाभतो, हे ते मोजताहेत. पहिल्या दिवशी ‘आधार’ म्हटल्यावर ग्रंथपालांनी खिशातून कार्ड काढलं. ते सरांना मुळीच आवडलं नाही.

माप मात्र अस्सल. झिमेट आणि मंडळींचं, १९८८ सालचं. १२ विधानं: ४ कुटुंबाची, ४ मित्रांची, ४ ‘विशेष व्यक्ती’ची. प्रत्येकापुढे १ ते ७ आकडे.

गाडी अडली ती विशेष व्यक्तीपाशी.

“ही कोण हो सर?” इतिहासाच्या मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. “नवरा धरायचा, की तो कुटुंबात गेला?”

“तुम्हाला जी वाटेल ती.”

यावर गणिताचे सर तेवढा भाग हाताने झाकून भरू लागले.

तासिका तत्त्वावरच्या पोराने सगळीकडे ७ला गोल केला. नाव लिहायचं नव्हतं, तरी खाली सही ठोकली. कागद विभागप्रमुखांच्या हाती लागलाच, तर पोरगं समाधानी दिसलेलं बरं! बाकी बहुतेकांनी चहा गार होतोय म्हणून ४वरून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली.

आता प्रत्येकाचे आकडे असे एका रांगेत आले, की उत्तरांचा आपसातला मेळ सांगणारा क्रॉनबाखचा आल्फा भलताच छान येतो. सरांचा १च्या अगदी जवळ आला. त्यांनी पेढे वाटले. पेढा तोंडात असताना कारण कसं सांगणार?

“सर, यात सहकाऱ्यांचा गटच नाही,” मी एकदा म्हटलं.

“मित्रांत धरा.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

परवा परीक्षेची पहिली घंटा झाली आणि सर धापा टाकत आले. “तेवढं माझं सुपरव्हिजन बघता का? कॉमर्सवाल्यांचे फॉर्म यायचेत.” या परीक्षेतली ही चौथी वेळ. मी कोऱ्या उत्तरपत्रिका काखेत मारून निघालो. जिना अर्धा उतरलो तोच वरून हाक आली. म्हटलं, आभार मानताहेत.

“अहो, तुमचं नववं विधान कोरंच राहिलंय! मित्रांचं!”