ऐकायचंच नव्हतं, तर विचारलंत कशाला?

श्री. फ्रेडरिक प्रेन,
माजी अध्यक्ष, नैसर्गिक संसाधन मंडळ,
विस्कॉन्सिन राज्य, अमेरिका.

डॉक्टरसाहेब,

पेशाने तुम्ही दातांचे डॉक्टर. रुग्णाचा कुठला दात दुखतोय हे त्याला न विचारता तुम्ही कधी चिमटा लावला नसेल. मग लांडग्यांच्या शिकारीचा हंगाम ठरवताना ही साधी रीत कुठे गेली?

शिकारीचे नियम बदलण्याआधी लोकांना विचारायचं, ही विस्कॉन्सिनची जुनी परंपरा. १९३४ पासून तिथे ‘कॉन्झर्वेशन काँग्रेस’ आहे. दर वसंतात ७२ही कौंट्यांमध्ये सुनावणी होते आणि हरणाच्या हंगामापासून माशांच्या मर्यादेपर्यंतच्या प्रश्नांवर साधा नागरिकही मत देतो. ते मत सरकारवर बंधनकारक नसतं, पण मागितलं जातं. वन्यजीव-संवर्धनाचे विचारवंत आल्डो लिओपोल्ड याच राज्यात राहिले, इथल्याच संवर्धन आयोगावर अखेरपर्यंत होते. तरुणपणी स्वतः लांडगा मारणाऱ्या आणि पुढे त्याबद्दल पश्चात्ताप लिहून ठेवणाऱ्या माणसाचं हे राज्य तुमच्या हाती आलं होतं.

जानेवारी २०२१ मध्ये लांडग्यांवरचं केंद्रीय संरक्षण उठलं. तुमच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं म्हणणं सरळ होतं: नोव्हेंबरपर्यंत थांबू, अभ्यास करू, आदिवासी राष्ट्रांशी बोलू, लोकांचं ऐकू, मग हंगाम उघडू. कॅन्सस राज्यातली एक शिकारी संघटना न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी संपण्याआधी शिकार झालीच पाहिजे, असा आदेश घेऊन आली. तो आदेश तुम्ही दिलेला नव्हता, हे मी मान्य करतो. पण त्यानंतर मंडळाने जे केलं, ते कुठल्या न्यायाधीशाने सांगितलं होतं? कोट्याच्या दहापट परवाने द्यावेत, असं खात्याने सुचवलं. मंडळाने वीसपट मंजूर केले. शिकारी कुत्रे सोडायला मुभा, जमिनीवर माग दाखवणारा बर्फ, आणि माद्या गाभण असण्याचे दिवस. काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

२२ फेब्रुवारीला हंगाम उघडला. तीन दिवसांच्या आत तो बंद करावा लागला. परवानाधारकांचा वाटा होता ११९ लांडग्यांचा. मारले गेले २१८.

एकूण कोटा २०० होता. त्यातले ८१ ओजिब्वे या आदिवासी राष्ट्रांचे. १८३७ आणि १८४२ च्या तहांत त्यांनी जमीन दिली, पण तिथे शिकार करण्याचा हक्क राखला, आणि १९८३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो हक्क मान्यही केला. त्यांच्या सृष्टिकथेत पहिला माणूस आणि लांडगा भाऊ म्हणून पृथ्वीवर एकत्र फिरले. एकाचं जे होईल तेच दुसऱ्याचं होईल, असं ती कथा सांगते. त्यांनी ते ८१ लांडगे मारले नाहीत. तुमच्या राज्याच्या परवान्यांनी तेही संपवले आणि वर आणखी १८. ज्यांच्याशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, त्यांच्या वाट्याचे प्राणी त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. हे मला सगळ्यात जास्त लागतं, आणि याबद्दल तुमच्या मंडळाने त्यांची माफी मागायला हवी होती.

एवढं झाल्यावर माणूस सावध होतो. ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामाचा कोटा ठरवायचा होता. फेब्रुवारीत नेमकी किती हानी झाली याचा अंदाज नाही, म्हणून १३० च्या पुढे जाऊ नका, असं खात्याच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं. मंडळाने बहुमताने आकडा ठरवला ३००! कुठल्या मोजणीवरून? सहा ओजिब्वे राष्ट्रांना न्यायालयात जावं लागलं. शेवटी ती शिकार न्यायालयानेच थांबवली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय संरक्षण परत आलं.

आणि त्या ऑगस्टमध्ये तुम्ही स्वतः कुठे होतात? तुमची मुदत १ मे २०२१ रोजी संपली होती. राज्यपालांनी तुमच्या जागी दुसऱ्या सदस्याची नेमणूक केली होती. राज्याच्या सेनेटने त्या नेमणुकीला मंजुरी दिलेली नाही, एवढ्या आधारावर तुम्ही डिसेंबर २०२२ पर्यंत खुर्ची सोडली नाहीत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ते कायदेशीर ठरवलं. असेल. लांडग्यांचा हंगाम तीन दिवसांत संपला, तुमचा मात्र संपल्यावरही वीस महिने चालला.

मी शिकारीच्या विरोधात हे लिहीत नाही. अमेरिकेत परवान्यांचं शुल्क आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा कर यांतून वन्यजीवांच्या संवर्धनाला मोठा पैसा मिळतो. ज्याची वासरं लांडग्याने नेली, त्या शेतकऱ्याचा रागही खरा आहे. त्यांचंही ऐकलंच पाहिजे. पण तुम्ही नोव्हेंबरात नियमाने हरीण मारणाऱ्या शिकाऱ्यालाही मान खाली घालायला लावलीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. ‘हरकती व सूचना’ मागवणारी जाहिरात आपणही वाचतो, रात्र जागून अर्ज लिहितो, सभागृहात तीन मिनिटं बोलतो, आणि अंतिम अधिसूचनेत आपल्या हरकतीचं काय झालं हे शोधत बसतो. म्हणूनच या दूरच्या लांडग्यांबद्दल मराठीत लिहावंसं वाटलं.

डॉक्टरसाहेब, तुम्ही आता मंडळावर नाही. पण संरक्षण उठलं की शिकारीचा हंगाम उघडलाच पाहिजे, असं सांगणारा २०१२ चा राज्य कायदा जागेवर आहे आणि संरक्षण उठवण्याचे प्रयत्न वॉशिंग्टनमध्ये थांबलेले नाहीत. तेव्हा तुमच्या जागी बसलेल्यांना तुम्हीच एक पत्र लिहा. कोटा जाहीर करताना कोणाची कोणती हरकत का फेटाळली, हे कारणासह छापा आणि ओजिब्वे राष्ट्रांशी बोलल्याशिवाय एकही परवाना देऊ नका, असं त्यांना सांगा. तुमच्याकडून एवढं येणं आहे.