सिंहगड धरत नाहीत, काका

मी भटका माणूस आहे अशी माझी ख्याती आहे. ती बहुतेक मीच पसरवली आहे. दर रविवारी पहाटे सिंहगड. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, आणि खाली उतरल्यावर जो भेटेल त्याला साद्यंत वर्णन. नातेवाइकांच्या लग्नाकार्यांना मात्र मी जात नाही. मला नेलं जातं.

त्यामुळे 2015 च्या सुरुवातीला राष्ट्रीय नमुना पाहणीचा एक मुलगा दारात उभा राहून ‘देशांतर्गत पर्यटनाबद्दल विचारायचंय’ म्हणाला, तेव्हा सरकारला अखेर योग्य घर सापडलं असं मला वाटलं. ही पाहणी 1950 पासूनची. तिची 72वी फेरी तेव्हा चालू होती, जुलै 2014 ते जून 2015, आणि लोक कुठे जातात, किती खर्च करतात हा तिचा एक विषय होता. देशभरातली जवळजवळ 1 लाख 40 हजार कुटुंबं त्यात आली. त्यांत आमचं एक. मी खुर्ची पुढे ओढली आणि हिला चहा टाकायला सांगितलं.

‘गेल्या तीस दिवसांत सकाळी जाऊन त्याच दिवशी परत आलात, असे प्रवास?’

मी घसा साफ करून सिंहगड सुरू केला. कल्याण दरवाज्यापर्यंत आलो असेन, तेवढ्यात त्याने पेन्सिल खाली ठेवली.

‘दर रविवारी जाता?’

‘पाऊस असो, थंडी असो.’ मी छाती पुढे काढली.

‘मग सिंहगड धरत नाहीत, काका.’

माणूस आपल्या नेहमीच्या वावराच्या टापूबाहेर पडला तरच तो पर्यटक, हा सगळ्या जगाचा नियम. नित्यनेमाने जायची जागा त्या टापूतच मोडते. म्हणजे माझा सिंहगड आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी एकाच रकान्यात. मी पाकिटातून गडावरच्या गाडीची पावती काढून दाखवली. तिच्यावर ‘उपद्रव शुल्क’ असं छापलेलं. सरकारदरबारी माझी नोंद होती, पण ती उपद्रव म्हणून.

‘बाकी कुठे?’

‘कुठेच नाही,’ मी तुटकपणे म्हणालो.

‘अहो, साताऱ्याला नाही का गेलो?’ चहा घेऊन आलेल्या हिने विचारलं. ‘तुमच्या भाचीचा साखरपुडा!’

मुलाचा चेहरा खुलला. सामाजिक कारणासाठी प्रवास! नात्यागोत्यातली कार्यं, भेटीगाठी हे सगळं पर्यटनात मोडतं, आणि आपल्या देशात सगळ्यात जास्त प्रवास होतात तेही यासाठीच. ज्या दिवशी मी मंडपाच्या टोकाला रुसून बसलो होतो, त्या दिवशी मी पर्यटक होतो! हे मला कोणी आधी सांगितलं असतं, तर निदान अजिंक्यतारा तरी बघून आलो असतो.

मग खर्च. इथे पोरगं खरंच हुशार निघालं. पेट्रोल, टोल, वाटेतली मिसळ, कंदी पेढे असं एकेक विचारून तो लिहीत गेला. मी अहेराचं पाकीट मोठ्या आवाजात सांगितलं, कारण मला सगळ्यात जास्त दुःख त्याचंच झालं होतं. ते धरत नाहीत. नातेवाइकाच्या हातात रोख ठेवली तर तो पर्यटनाचा खर्च नव्हे, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2008 च्या शिफारशींतच आहे. येताना देवळाच्या पेटीत टाकलेले पैसे? तेही दान, म्हणून नाहीत. मात्र प्रवासासाठी आधी केलेली खरेदी धरतात.

‘तशी काही नव्हती,’ मी म्हणालो.

ही आत जाऊन हिशेबाची वही घेऊन आली. साखरपुड्यासाठी म्हणून एक जांभळी साडी घेतली होती. तिची किंमत मला तेव्हा, एका सरकारी प्रतिनिधीसमोर, प्रथमच कळली. चहा घशात अडकला. मुलाने आकडा शांतपणे लिहून घेतला. त्याला रोज कुठल्या ना कुठल्या घरात हे बघावं लागत असणार.

या पाहणीची एक बाजू मात्र मला पटली. हॉटेलांच्या रजिस्टरवरून पर्यटक मोजायचे म्हटलं, तर सकाळी जाऊन रात्री घरी झोपायला येणारा माणूस त्यात सापडणारच नाही. त्याला घरीच गाठावं लागतं, आणि लवकर गाठावं लागतं. मुक्कामाच्या सहलीला, दवाखान्याला किंवा खरेदीला गेलात तर वर्षभर मागचं विचारतात. एका दिवसाच्या प्रवासाला तीसच दिवस. सिमल्याची थंडी माणसाला वर्षभर आठवते; सासवडला जाऊन आल्याचं महिन्यात विसरतो. मी तर सातारा तीन आठवड्यांत विसरलो होतो, आणि त्यात विसरण्याची इच्छाही होती. माझ्यासारख्याच्या तोंडी उत्तरावर देशाचा हिशेब मांडायचा, म्हणजे त्या मुलाचं धाडसच म्हणायचं.

तो निघाला तेव्हा हिने त्याला थांबवलं.

‘यांचा रविवारचा खर्च तुमच्या कागदात नाही येत, मग तो कशात धरायचा?’

‘तो आमच्याकडे नाही, काकू. घरखर्चात बघा.’

तिने तो बघितला. त्याच संध्याकाळी वहीत सिंहगडाचं वेगळं पान पडलं, त्यात भजी आणि दही स्वतंत्र ओळींवर, आणि महिनाअखेरीला बेरीज झाल्यावर माझं दही बंद झालं.

तेव्हा तुमच्या दारात पाहणीवाले आले, तर ‘आम्ही कुठे जातच नाही’ असं सांगून त्यांना परत पाठवू नका. साखरपुडा, बारसं, तेरावं आधी आठवा. आणि घरात हिशेबाची वही जो लिहितो, त्यालाच उत्तरं देऊ द्या. तुम्ही चहा टाका.