रेंजमधले काका

काका गावांची प्रतवारी टॉवरवरून करतात. पंढरपूर चांगलं, फुल्ल रेंज. तिरुपती मध्यम, कारण दर्शनाला जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो. अजिंठ्याच्या लेण्यांबद्दल विचारलं तर म्हणतात, "आत काही नाही." वेरूळचं कैलास लेणं मात्र त्यांना फार भावलं, ते वरून उघडं आहे.

काका मावल्याचे. तेलंगणातल्या आदिलाबाद शहराला खेटून, हायवे 44 वर, तलावाच्या अंगाला वसलेलं हे गाव. इथं माणूस घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि ट्रकवाल्याशी दखनी बोलतो. काका फोनवर तिन्ही बोलतात आणि तेही एका दमात: "हॅलो, चेप्पु, काय म्हणतो बे, आवाज नै आरा!"

फोनची ही सवय जुनी आहे. त्यांची बहीण पैनगंगेपलीकडं, पांढरकवड्याला दिलेली. एसटीडीच्या काळात रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून काका अकराला बूथवर उभे राहायचे आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना कोणता रंग लावला इथपासून सांगायला सुरुवात करायचे. बहिणीच्या घरी दिवे उशिरापर्यंत जळत. शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, तिथं कुणी परीक्षेला बसलंय. पुढं मोबाईल आला. नदीकाठच्या शिवारात गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा आणि रोमिंग सुरू व्हायचं. मग काका बोलता बोलता पावलागणिक मागं सरकत सरकत पुन्हा आपल्या राज्यात यायचे. 15 जून 2015 ला बीएसएनएलनं रोमिंगमध्ये येणारे कॉल फुकट केले, तेव्हा काका मुद्दाम नदीकाठी जाऊन बसले आणि "आता लावा" असा सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडला.

अशा माणसाला मुलानं अंदमानचं तिकीट काढून दिलं. मराठी माणूस अंदमानला सावरकरांची कोठडी पाहायला जातो, समुद्र वाटेत लागतो म्हणून पाहतो. काकांनी एकच विचारलं, "तिथं लागतो का?" मुलानं समजावलं: चेन्नईपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत आणि तिथून आणखी सात बेटांपर्यंत समुद्रातून केबल टाकली आहे, सगळी मिळून सुमारे 2,300 किलोमीटर, 10 ऑगस्ट 2020 पासून चालू आहे. त्याआधी बेटांचं सगळं काम उपग्रहावर चालायचं आणि फोटो एक पाठवायचा तर चहा होऊन जायचा. काकांना केबल पटली. "हजारो मैल समुद्राखालून वायर नेली," ते चार दिवस सगळ्यांना सांगत होते, "आणि आमच्या गल्लीतला वाकडा खांब कुणाला सरळ करता येत नाही."

डिसेंबरात काका-काकू निघाले आणि मावल्याचे हाल सुरू झाले. अंदमान इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. सकाळी पावणेसहाला तिथं सूर्य वर. मावल्यात तेव्हा मिट्ट काळोख आणि आदिलाबादची ती थंडी, जिच्यापायी गोधडीतून नाकही बाहेर निघत नाही. त्या वेळी व्हिडिओ कॉल यायचा. "बघा, बघा, सूर्य!" सून अंधारात डोळे चोळत म्हणायची, "हो मामंजी, छान आहे." संध्याकाळी पाचला काका सूर्यास्त दाखवायचे, तेव्हा इकडं अंगणात चांगलं ऊन असायचं. समोरच्या म्हातारीला वाटलं, काकांचा फोन बिघडला. सूर्य सोडला तर स्क्रीनवर काकांचा कान असायचा. व्हिडिओ कॉलवरही ते फोन कानालाच लावतात.

काकांच्या बोअरच्या स्टार्टरला सिमकार्ड आहे. फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. तेलंगणात 2018 पासून शेतीला चोवीस तास फुकट वीज आहे, तेव्हा वेळेचंही बंधन नाही. हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) जाणाऱ्या बोटीत चढता चढता काकांना हरभरा आठवला. मोटार चालू केली. बोट सुटली, किनारा मागं पडला, रेंज गेली. इकडं पाणी हरभऱ्यातून शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत शिरलं. कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया बांधावर उभ्या आणि काळ्या मातीत पाय घालायची सोय नाही. शेजारी फोन लावतोय, बाई सांगतेय की ग्राहक कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे. शेवटी त्यानंच फ्यूज उपसला. हॅवलॉकच्या धक्क्यावर काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी तिथं असतो तर लगेच फोन करून बंद केली असती."

दुसरं संकट बाराटांगच्या वाटेवर. जारवांच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्यानं जातात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत आणि झाडांखेरीज काही लागत नाही. काकू सांगतात, काका त्या रस्त्यावर हातातल्या काळ्या स्क्रीनकडं बघत बसले होते. मावल्यात त्या दुपारी सून झोपली, नातू ओरडा न खाता पतंग उडवून आला, सालगड्यानं झाडाखाली बसून निवांत भाकर खाल्ली. सहलीला काका गेले होते, सुट्टी तेवढ्या दुपारी घरच्यांना मिळाली.

मग सेल्युलर जेल. कोठडी दाखवून गाईड म्हणाला, इथल्या कैद्याला वर्षाला एक पत्र लिहिता यायचं. सावरकरांनी भावाला लिहिलेली ती वर्षावर्षाची पत्रं 'अंदमानच्या अंधेरीतून' म्हणून छापलेली आहेत. काकांनी चालू असलेला कॉल चक्क बंद केला.

"वर्षाला एक? आणि घरून?"

"तेही एकच."

"मग वर्षभर घरचं कोण बघायचं?"

"घरचे," काकू म्हणाल्या.

हे उत्तर काकांना पटलं नाही. पण फोनवरचा विश्वास उडाला एवढं खरं. बोटीत तो दगा देतो, जंगलात दगा देतो. कागदाला रेंज लागत नाही. पोर्ट ब्लेअरच्या पोस्टात जाऊन त्यांनी पन्नास पैशांचं कार्ड घेतलं आणि सालगड्याला ठळक अक्षरांत लिहिलं: "फोन लागो न लागो, हे कार्ड मिळताच मोटार बंद करावी. फ्यूज काढून घरी नेऊन ठेवावा. माझा फोन आला तरी ऐकू नये."

काका परत आले. हरभऱ्याला पाणी हवं होतं. त्यांनी ओसरीवर बसून मोटार चालू केली. तासाभरानं शेतात गेले तर पाट कोरडे. स्टार्टरला फोन लावून पाहिला, काही होईना. सालगड्याला लावला, तो उचलेना. सालगडी समोर बांधावर बसला होता, हातात कार्ड, खिशात फोन वाजतोय.

"अरे उचल ना बे!" काका ओरडले.

त्यानं कार्ड उलटं करून काकांसमोर धरलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.