पितृपक्षातील भोपळा
शिकागोच्या पश्चिमेकडील नेपरव्हिल या उपनगरात मेपलची पाने तांबूस होऊ लागली की मराठी घरांतही सजावटीचा उत्साह उफाळतो. अडचण एवढीच की तो बहुधा पितृपक्षाच्या, म्हणजे नवी खरेदी वर्ज्य मानल्या जाणाऱ्या भाद्रपद वद्य पंधरवड्याच्या आसपासच येतो. तोड भोपळ्याने काढली आहे: देशात सर्वाधिक भोपळे पिकवणाऱ्या इलिनॉय राज्यात तो दाराशी मांडला तर शोभा, चिरला तर श्राद्धाची भाजी, आणि भाजीला खरेदी कोण म्हणेल? (शोभेचा भोपळा पाणचट निघतो, हे पितरांना सांगितले जात नाही.) हॅलोविनचा, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाचा, प्लॅस्टिकचा सापळा मात्र तेव्हाच पायरीवर बसलेला असल्याने घास घ्यायला आलेल्या पूर्वजांना हे स्वागत की थट्टा, याचा उलगडा होणे कठीणच.