नानाजी आणि मोठे साहेब

यवतमाळच्या दत्त चौकात चहा घेणाऱ्या नानाजींचा पक्ष कोणता, हे साल सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. वाक्य मात्र तेच: "देशाले एकच मानूस पायजे, बाकीच्याईनं गुपचाप बसाचं!"

१९७५ मध्ये तो एकच माणूस इंदिराबाई होत्या. "आणीबाणीत गाड्या टाइमावर येत," असं नानाजी आजही सांगतात. यवतमाळात गाडी होती एकच, मूर्तिजापूरची नॅरोगेज शकुंतला. तिची चाल ठाऊक असलेला कुणी हसलाच, तर नानाजी चहा टाकून उठतात. मधे ते लाल बावट्याखालीही होते. 'सर्वहारांची हुकूमशाही' यातला पहिला शब्द त्यांनी कधी नीट ऐकलाच नसावा. मग गळ्यात भगवं उपरणं आलं. घरात भिंतीला खिळा एकच, फोटो तेवढे बदलत गेले.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. धमक्या आल्या आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. नानाजी खूश. "बरं केलं. सरकारच्या विरोधात बोलते थे बाई."

"नानाजी, त्या आणीबाणीच्याही विरोधात होत्या. इंदिराबाईंची आतेबहीण असून."

"मंग तवाही चुकलीच!"

दोन्ही सरकारं एकमेकांची वैरी. नानाजी दोन्हीकडून बाईंच्या विरोधात. एवढी निष्ठा पक्षावर असती तर नगरसेवक तरी झाले असते. उद्घाटन शेवटी वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेनं केलं. त्यावर नानाजींचा अभिप्राय: "बोलली चांगली. पन इतकं बोलाले कोनं सांगतलं?"

तत्त्वज्ञ अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली हुकूमशाहीकडे झुकणाऱ्या या स्वभावावर जाडजूड ग्रंथ लिहिला, पण शोध घेतला मुख्यतः उजवीकडे. बंद डोकं डावीकडेही सापडतं, हे मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी १९६० मध्ये मांडलं. दत्त चौकात दोघांचंही काम अर्ध्या कप चहात झालं असतं.

परवा नानाजींची स्कूटर उलट्या बाजूनं निघाली. पोरसवदा शिपायानं अडवलं.

"मले ओयखत नाई का बे?"

"काका, साहेबांचा आदेश आहे."

"कोन्या सायबाचा?"

"मोठ्या."

नानाजींनी मुकाट स्कूटर वळवली. मागून त्याच बाजूनं एक पोरगं येत होतं. त्याच्यावर ते खेकसले, "दिसत नाई का बे? राँग साइड हाय!"