इस्तंबूल आणि भोक नसलेले मोजे

निळ्या मशिदीसाठी मी सकाळी साडेनऊ ते सव्वादहा असा पाऊण तास काढला होता. लोक इस्तंबूलला टूर कंपनीबरोबर जातात, मॅनेजरच्या झेंड्यामागून रांगेत चालतात आणि बॉस्फरसच्या काठी थेपले खातात. आपण त्यातले नाही हे जगाला कळावं म्हणून मी एक्सेल शीट केली. प्रत्येक ठिकाणाला वेगळा रंग. मशिदीला अर्थातच निळा, जरी ती बाहेरून राखाडी असली तरी. शीट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. मेहुण्याने अंगठा दाखवला आणि सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, तिथे नमाज केव्हा असतो?"

हा प्रश्न मला आवडला नाही. इतका साधा प्रश्न दुसऱ्याने विचारावा, हेच मुळात आवडलं नाही.

नमाज दिवसातून पाच वेळा असतो आणि त्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. शुक्रवारी तर दुपारचा मोठा नमाज होईपर्यंत दार बंदच. बरं, या वेळा घड्याळाच्या नव्हेत, सूर्याच्या. पहाट, माध्यान्ह, सावलीची लांबी, सूर्यास्त, काळोख. रोज मिनिट-दोन मिनिटं इकडे तिकडे. आमच्या शीटमध्ये सगळं बसलं, सूर्य तेवढा बसेना.

मशीद बांधणारा सुलतान पहिला अहमद मला फार जवळचा वाटतो. 1603 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, हा गादीवर आला. पूर्वजांनी लढाया मारून लुटीच्या पैशांतून मशिदी उठवल्या. याच्या खात्यावर मोठा विजय नाही, तरी 1609 मध्ये सरळ खजिन्यातून पैसा काढून काम सुरू केलं. उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, नाकं मुरडली. त्यात मिनार सहा! मक्केची बरोबरी केली म्हणून लोक खवळले, असं सांगतात. वास्तुकार सदफकार मेहमेद आगा, म्हणजे थोर सिनानच्या तालमीतला. आतल्या वीस हजारांवर फरशा इझनिकच्या. सुलतानाने फरशीचा भाव एकदाच ठरवून दिला, बाजारभाव वर गेला आणि मालाचा दर्जा खाली आला, हे वाचून तर आमच्या सोसायटीच्या रंगकामाची आठवण झाली. पश्चिमेच्या दारात मात्र एक साखळी टांगलेली आहे. घोड्यावरून आत येताना खुद्द सुलतानालाही मान वाकवावी लागे. सहा मिनार चढवायचे आणि वर दारात साखळी लावायची! हा माणूस आमच्या घराण्यातला असणार.

पण माझी खरी चिंता मोजे ही आहे.

पादत्राणं काढायची आपल्याला सवय आहे. देवळात आपण अनवाणीच जातो, आणि अर्धं लक्ष बाहेरच्या चपलांत ठेवून देवाला उरलेलं अर्धं देतो. इथे बूट पिशवीत घालून बरोबर नेता येतात, तेव्हा तो प्रश्न मिटला. पण परदेशात जायचं म्हणजे बूट, बूट म्हणजे मोजे, आणि मराठी मध्यमवर्गीय पुरुषाचे मोजे ही त्याची अत्यंत खाजगी बाब असते. वरून कडक इस्त्री, खाली अंगठ्याला खिडकी. बायको फाटका बनियन पुसायला घेते, पण मोज्याचं भोक बुटात असतं तोवर ते नसतंच. शिवाय जोडीतला एक हरवतो. उरलेला आपण टाकत नाही, कारण दुसरा सापडेल अशी आशा असते. माझ्या खणात असे बरेच विधुर आहेत.

ही चिंता माझी एकट्याची नाही. पॉल वुल्फोवित्झ नावाचे गृहस्थ जागतिक बँकेचे अध्यक्ष होते. 2007 च्या जानेवारीत ते तुर्कस्तानातच एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत गेले. सिनानने म्हातारपणी बांधलेली, त्याची सर्वांत देखणी मानली जाणारी इमारत. साहेबांनी दारात बूट काढले, आणि दोन्ही मोज्यांतून दोन अंगठे बाहेर! जगाला कर्ज देणारा माणूस, आणि फोटो जगभर छापून आले ते अंगठ्यांचे. 2009 मध्ये ओबामा निळ्या मशिदीत नुसत्या मोज्यांवर फिरले. तो फोटो मी मोठा करून पाहिला. शाबूत होते. महासत्ता उगीच होत नाही.

हिला हे सांगितलं तर म्हणाली, "बायकांना डोकं झाकायचं, गुडघे झाकायचे. माझी ओढणी कधीची बॅगेत आहे. तू अजून मोज्यांवरच?"

फोटोंचा विषय निघालाच आहे तर, आमची आई दर सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जायची. 1060 सालचा शिलालेख असलेलं देऊळ, त्यामुळे कॅमेरेवाले कायम. एकदा लग्नाआधीच्या फोटोंसाठी एक जोडपं आलं होतं. फोटोग्राफर आईला म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." ती हातात बेलाची पुडी घेऊन खांबाला टेकून उभी होती. सरकली बिचारी. वर त्यालाच विचारलं, "आता ठीक आहे का?" मी त्या पोराला जे बोललो ते इथे छापता येणार नाही. अजून आठवलं की हात शिवशिवतात.

निळ्या मशिदीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, मी लिहिलं होतं: 'फोटोत माणसं नकोत.'

ते हिनेच खोडलं. वेळही खोडली. "नमाज चालू असला तर बाहेर बसू चहा पीत. झाला की जाऊ. न गेलो तर न गेलो." चहा शीटमध्ये नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणलं. तिने उत्तर दिलं नाही, कारण तोवर ती पुढच्या ओळीवर पोचली होती. निळी मशीद फुकट आहे; समोरच्या आयासोफियाला 2024 पासून परदेशी पाहुण्यांकडून 25 युरो घेतात आणि वरच्या सज्जातून दाखवतात. दोघांचे पन्नास. त्याचे रुपये किती आणि तेवढ्यात मोज्यांचे किती जोड येतील, हा हिशेब आता तिच्याकडे आहे.